जरा सरकून बस

बाळ,

परवा फोनवर म्हणालीस, "आजी, पाळकाच्या बायकोनं काय काय करायचं असतं ते एकदा लिहून दे, मी वहीत चिकटवून ठेवते." लग्नाला तीन आठवडे राहिलेत, साड्यांना फॉल लावायचे बाकी आहेत, आणि तरी तुला हे विचारावंसं वाटलं. म्हणून आज दुपारची झोप सोडून लिहायला बसले आहे.

तुझ्या आजोबांबरोबर अडतीस वर्षांत मी पाच मंडळ्या पाहिल्या. पण यातलं माझं स्वतःचं थोडंच. बरंचसं तुझ्या पणजीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. त्या बायबलबाई होत्या. नेवासे तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पायी फिरल्या, डोक्यावर कापडात बांधलेलं पुस्तक आणि पदरात बांधलेली भाकरी घेऊन. आणि त्यांना जे मिळालं ते त्यांच्या आईकडून. ती केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली मुलगी. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली गाडीत बसवून घेऊन आल्या, त्यांतली ती एक. तिनं सांगितलेल्या गोष्टींपैकी आपल्या घरात एवढीच उरली आहे: आधी पेज मिळाली, मग अंघोळ, आणि नाव-गाव दुसऱ्या दिवशी विचारलं.

हा क्रम लक्षात ठेव. आपल्या घरात सून आली की तिला हाच पहिला कानमंत्र मिळतो. मलाही १९६९ साली उंबरठा ओलांडल्यावर दुसऱ्याच दिवशी मिळाला होता.

आता माझी गोष्ट सांगते. नर्सिंग संपवून मी पहिल्या नोकरीसाठी एका शहरात गेले. शहराचं नाव नको. खोली भाड्याची, ओळखीचं कोणी नाही. रविवारी देवळात जायचे, शेवटच्या बाकावर बसायचे. चार रविवार माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. वाईट माणसं नव्हती ती. उपासना संपली की जो तो आपल्या माणसांत मिसळायचा, एवढंच. पाचव्या रविवारी मी मनात ठरवलं होतं की आता पुढच्या वेळी यायचं नाही. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक नऊवारीतली म्हातारी मागे वळली. स्वतः बाकावर सरकली, शेजारची मोकळी जागा हातानं थापटली आणि म्हणाली, "इकडं ये की. मी सरकते जरा." मी उठून गेले. तिनं आपलं 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि ज्या ओळीवर गाणं चाललं होतं त्या ओळीवर बोट ठेवलं. बस. त्या बाईचं नाव मला चार महिन्यांनी कळलं. पण त्या दिवशी ती सरकली नसती तर मी मंडळीतून गेले असते, तुझे आजोबा मला भेटले नसते आणि आज तुला हे पत्र लिहायला मी नसते.

म्हणून तुला पहिलं सांगणं असं की, पाळकीणबाईंची जागा पहिल्या बाकावर असते म्हणून लोक तुला तिथे नेऊन बसवतील. पहिल्या दिवशी मान राखायला बस. दुसऱ्या रविवारपासून मागे जा. दाराजवळ, जिथे चपला काढतात त्याच्या जवळ बस. नवा माणूस तिथेच येऊन टेकतो. उशिरा आलेली, तान्हं मूल घेऊन आलेली, नवऱ्याशी भांडून रडून आलेली, सगळ्या तिथेच येतात. मूल रडायला लागलं की पुढच्या बायका वळून बघतात आणि ती आई शरमेनं बाहेर निघून जाते. तू उठ, मूल तुझ्या कडेवर घे आणि व्हरांड्यात फिरव. आईला आत बसू दे. तुझा संदेश ऐकायचा राहिला तर राहू दे, तुझा नवरा तो घरी तालीम करताना तू ऐकलेलाच असेल.

नव्या माणसाला उभं करून "आपली ओळख करून द्या" असं म्हणायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्यात हेतू चांगला असतो. पण सगळ्यांना ते झेपत नाही. एका मंडळीत मी पाहिलं, एक माणूस उभा राहिला, घाम फुटला, नाव सांगता सांगता अडखळला आणि पुन्हा आला नाही. तेव्हापासून तुझे आजोबा आधी हळूच विचारायचे, "उभं राहायला आवडेल का?" नाही म्हटलं तर विषय तिथेच संपला. आशीर्वाद झाल्यावर पहिली पाच मिनिटं नव्या माणसाची, हा नियम मात्र कडक ठेव. मैत्रिणी पुढच्या रविवारीही असतात.

आणि बाळ, आडनाव विचारू नकोस. हे मी फार जपून सांगते आहे. आपल्या महाराष्ट्रात "आडनाव काय?" या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, आणि ज्याला तो आयुष्यभर विचारला गेला आहे त्याला तो लगेच ऐकू येतो. नगर जिल्ह्यातले आपले पूर्वज बहुतेक महारवाड्या-मांगवाड्यांतून आले. ज्यांना विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं ते प्रभुभोजनाच्या एका प्याल्याशी आले, यापेक्षा मोठी सुवार्ता त्यांना कोणी सांगितली नव्हती. आणि तरी आपल्याच मंडळ्यांत लग्न जुळवताना काय काय विचारलं जातं, जेवणाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, हे मी पाहिलं आहे. मला त्याची लाज वाटते. याकोबानं आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांच्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला झापलं आहे. तो अध्याय आपल्यासाठीच लिहिला आहे असं समजून वाच. नाव विचार, गाव विचार, "जेवलात का" विचार. आडनाव त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐक.

उलट बाजूही सांगते. माणूस आला की त्याला घाईनं आपल्यासारखा करायला जाऊ नये. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तू वाचलं आहेस. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात त्या टिळकांकडे परत आल्या तेव्हाही काही दिवस त्यांचं सोवळं होतं, चूल वेगळी होती. टिळकांनी त्यांना त्यांच्या चालीनं येऊ दिलं. वेगळी चूल सहन करणं हेसुद्धा स्वागत असतं. तुझ्या दाराशी कोणी येईल आणि म्हणेल, मी तुमच्याकडचं पाणी पिणार नाही, पण माझ्यासाठी प्रार्थना करा. तू रागावू नकोस. प्रार्थना कर.

घराबद्दल थोडक्यात. पाळकाच्या घराला कडी नसते हे तुला माहीत आहे. पीठ मळताना दोन मुठी जास्त मळ. माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या, जमलं तर गुळाचा खडा, आणि तो घोट घेईपर्यंत काम विचारू नकोस. पाहुण्यासमोर मुलाला दुकानात पिटाळू नकोस. हे मला सासूबाईंनी बजावलं होतं. पाहुणा बाहेरच्या खोलीत बसलेला असतो, आत नाण्यांचा आवाज होतो, पोरगं पिशवी घेऊन पळतं, आणि त्याला कळतं की आपल्यापायी या घरात खर्च पडला. घास त्याच्या घशात अडकतो. जे आहे ते वाढ. पिठलं तर पिठलं. अब्राहामानं मम्रेच्या झाडाखाली तीन अनोळखी माणसांना पाहिलं तेव्हा भर दुपार होती, उन्हात तो धावत गेला, आणि त्यांना म्हणाला फक्त भाकरीचा तुकडा आणतो. मग आत जाऊन साराला पीठ मळायला सांगितलं आणि वासरू कापायला दिलं. बोलायचं थोडं, वाढायचं भरपूर. घर लहान आहे, पसारा आहे, अशी माफीही मागत बसू नकोस, नाहीतर त्याचा सगळा वेळ "छे छे, तसं काही नाही" म्हणण्यात जातो.

आता सेवेचं. इथे मला जास्त सांगायचं आहे, कारण इथेच आपण जास्त चुकतो.

सासूबाई म्हणायच्या, देताना घेणाऱ्याच्या मानेकडे बघावं. ती खाली गेली असेल तर आपल्या देण्यात काहीतरी चुकलं. त्यांना हे रूथच्या पुस्तकातून सापडलं होतं. रूथ परदेशी, विधवा, बवाजाच्या शेतात सरवा वेचायला येते. बवाज मोठा जमीनदार होता, एक पोतं जव तिच्या डोक्यावर देऊन तिला वाटेला लावता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. त्यानं आपल्या गड्यांना सांगितलं, पेंढ्यांतून मुद्दाम मूठ मूठ गाळत जा आणि तिला धमकावू नका. ती संध्याकाळी घरी गेली ती आपल्या कष्टाचं धान्य घेऊन. सरवा वेचलेला असेल त्यालाच यातली माया कळते, आणि सासूबाईंनी लहानपणी तो वेचला होता.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, तुझा बाप वर्षाचा. गावातले निम्मे लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. बायांच्या तळहातांना फोड आलेले असायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो मिळायची, तिची भाकरी थापता थापता मोडायची. आमच्या घरी मिशनच्या ओळखीतून थोडी ज्वारी आली होती. सासूबाईंनी ती वाटली नाही. एकेका घरी जाऊन त्या म्हणाल्या, "आमच्याकडे ज्वारी निवडायची आहे, माझ्या डोळ्यांना दिसत नाही, येशील का तासभर?" ती बाई यायची, निवडायची, आणि जाताना तिच्या पदरात दोन पायली पडायची. सासूबाईंना चांगलं दिसत होतं. सुईत दोरा त्या स्वतः ओवायच्या. पण त्या गावात दुष्काळ संपल्यावरही एकही घर आमच्यापुढे ओशाळं झालं नाही.

मनमाडच्या फादर व्हिन्सेंट फेरर यांचं नाव तू ऐकलं नसशील. ते स्पेनचे, जेझुइट, म्हणजे कॅथलिक; आपण प्रॉटेस्टंट. पण चांगलं जिथून मिळेल तिथून शिकावं. त्या कोरडवाहू भागात जो शेतकरी आपल्या रानात विहीर खणायला घेई त्याला ते गहू आणि तेल देत. विहीर त्याची, घाम त्याचा, पाणी त्याचं. १९६८ साली त्यांना देश सोडून जायला सांगितलं तेव्हा हजारो शेतकरी त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरले, आणि त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते.

यावरूनच पुढचं. भाकरीबरोबर पत्रक देऊ नकोस. भुकेल्याला दिलं की हात मागे घे. आपल्या पूर्वजांना "पोटासाठी बाटले" असं ऐकून घ्यावं लागलं, तुलाही कधी ऐकावं लागेल. तुझ्या हातून असं काही घडू नये की त्या बोलण्यात खरेपणा येईल. चांगल्या शोमरोन्यानं जखमी माणसाला तेल-द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेला, दोन दिनार मोजले आणि वर लागतील ते परत येताना देईन म्हणाला. त्या माणसाला त्यानं एकही प्रश्न विचारल्याचं लूकनं लिहिलेलं नाही. कोणी आपणहून विचारलं, बाई, तुम्ही हे का करता, तर मनमोकळेपणानं येशूचं नाव सांग. तेव्हा लाजू नकोस.

दवाखान्याचं मी अधिकारानं सांगते, कारण मी मिरजेला नर्सिंग शिकले. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं ते हॉस्पिटल. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे कुठून कुठून माणसं आगगाडीनं येत. पेशंटला शहाळं सगळे आणतात. त्याच्या उशाशी तीन रात्री बसलेल्या बायकोनं काही खाल्लं का, हे कोणी बघत नाही. मी वॉर्डात अशा बाया पाहिल्या आहेत, पेशंटच्या ताटात उरलेला भात खाऊन राहणाऱ्या. तेव्हा डबा नेशील तेव्हा दोन ने, आणि दुसरा तिच्या हातात दे. आणि "काही लागलं तर सांगा" हे वाक्य तोंडातून काढून टाक. कोणी कधी सांगत नाही. असं म्हण: "मंगळवारी रात्री नऊ ते सकाळी सहा मी बसते. तुम्ही घरी जा, डोक्यावरून पाणी घ्या, झोपा." वार सांगितला, वेळ सांगितली की समोरच्याला नाही म्हणणं अवघड जातं आणि हो म्हणणं सोपं होतं.

कपडे द्यायचे तर धुऊन, इस्त्री करून, तुटलेली बटणं लावून दे. फाटकं देवाच्या नावानं देऊ नकोस. यापोच्या दुर्कस बाईनं विधवांसाठी अंगरखे स्वतः शिवले होते, आपल्या अंगावरचे उतरवून दिले नव्हते. पैसे द्यायचे तर नवऱ्याला सांगून दे, बाकी कोणाला नको.

आणि घेत जा. हे मला फार उशिरा समजलं. पहिली पंधरा वर्षं मी फक्त देत होते आणि त्याचा मला आनंद वाटायचा. एकदा वस्तीवरच्या एका आजीनं मला काळा चहा दिला, कप कानतुटका, आणि मी "आत्ताच घेतलाय" म्हणून नाकारला. तिचा चेहरा असा पडला की मला आजही दिसतो. येशूनं शोमरोनी स्त्रीकडे स्वतः पाणी मागितलं. जक्कयाला म्हणाला, आज मी तुझ्याकडे उतरणार. ज्याच्याकडून गाव काही घेत नव्हतं त्याच्याकडून त्यानं घेतलं. कोणी तुझं भांडं परत करताना त्यात चार कण्या घालून आणल्या तर "कशाला गं" म्हणू नकोस. घे आणि दुसऱ्या दिवशी "छान झाल्या होत्या" असं सांग.

नाताळच्या जेवणावळीत एक गोष्ट बघ. पातेली कोण घासतं? दरवर्षी त्याच तीन-चार बायका असतात, आणि त्या कोणत्या घरच्या असतात हे न सांगताही तुला कळेल. तू पहिल्याच वर्षी पदर खोचून राखेच्या ढिगाशी बस. भाषण करू नकोस, नुसती बस. पुढच्या वर्षी सेक्रेटरींच्या पत्नीही येतील. मंडळीत कोणी कुरकुर करील, आम्हाला वाटप नीट मिळत नाही, आमच्याकडे कोणी बघत नाही. रागावू नकोस, पळी त्याच्या हातात दे. प्रेषितांच्या कृत्यांत हेल्लेणी बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटणीत वगळलं जात होतं, तेव्हा जे सात जण निवडले त्यांची सगळ्यांची नावं हेल्लेणी आहेत. ज्यांचं गाऱ्हाणं होतं त्यांच्याच लोकांच्या हातात कोठार दिलं.

आता धीर देण्याचं. याला पैसे लागत नाहीत म्हणून लोकांना हे सोपं वाटतं. मला हे सर्वांत अवघड गेलं.

दुःखाच्या घरी गेलीस की गप्प बस. ईयोबाचे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक अक्षर बोलले नाहीत. तोपर्यंत ते उत्तम मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. "देवाची इच्छा", "देवाला बागेत फूल हवं होतं", "त्याच्या योजनेत काहीतरी चांगलं असेल" हे लेकरू गेलेल्या आईला सांगू नकोस. माझा दुसरा मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला, तुला माहीत आहे. तेव्हा ही तिन्ही वाक्यं मला ऐकावी लागली, चांगल्या माणसांकडून, प्रेमानं. त्यांतलं एकही मला उपयोगी पडलं नाही. उपयोगी पडली ती शेजारची एक बाई. ती रोज दुपारी यायची, माझ्या न्हाणीघरातले कपडे घेऊन जायची आणि संध्याकाळी वाळवून घडी करून आणायची. एक शब्द बोलत नव्हती. चाळीस दिवस तिनं हे केलं.

पहिल्या तीन दिवसांत सगळे येतात, कडू घास आणतात. तू तिसऱ्या महिन्यात जा. तेव्हा घर खरं रिकामं झालेलं असतं. एक लहान वही ठेव, तीत मंडळीतल्या प्रत्येक घराच्या अशा तारखा लिही, आणि त्यानंतरचा पहिला नाताळ त्यांना एकटा जाऊ देऊ नकोस.

खचलेल्या माणसाला आधी खाऊ घाल. एलीया रानात झुडुपाखाली पडून मरण मागत होता. देवदूतानं त्याला बोध केला नाही. भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. देव त्याच्याशी बोलला तो नंतर, होरेब डोंगरावर. तुझ्याकडे कोणी तरुण मुलगा रात्री येईल, नोकरी गेलेली, घरी सांगायची हिंमत नाही. त्याला वचन दाखवायची घाई करू नकोस. खिचडी टाक. आणि त्याच्या बोलण्यात जिवाचं बरंवाईट करण्याचा सूर दिसला तर त्याला एकटा सोडू नकोस, त्याच रात्री घरच्यांना कळव आणि डॉक्टरकडे ने. प्रार्थना आणि औषध यांचं भांडण नाही. मी दोन्ही वाटलं आहे.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी पेढे खायला सगळे जातात. तू नापास झालेल्याच्या घरी जा. निकालाबद्दल एक अक्षर काढू नकोस, त्या मुलाला सांग की संडे स्कूलच्या नाटुकल्यासाठी पडदा बांधायचा आहे, तुझ्याशिवाय जमणार नाही. जालन्याला असताना मी असा एक मुलगा पडदा बांधायला नेला होता. आज तो वीजमंडळात लाईनमन आहे आणि दर नाताळला फोन करतो.

बर्णबा माझा सर्वांत आवडता माणूस. कुप्र बेटाचा लेवी, खरं नाव योसेफ. पण लोकांना धीर द्यायचा म्हणून प्रेषितांनी त्याला ते नाव दिलं. शौल यरुशलेमेत आला तेव्हा सगळे त्याला भीत होते. बर्णबा त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेला. पुढे तरुण मार्क प्रवास अर्धवट टाकून परत गेला, पौल म्हणाला याला पुन्हा नेणार नाही, बर्णबा म्हणाला नेऊ. यावरून त्या दोघांचं इतकं बिनसलं की वाटा वेगळ्या झाल्या. आणि शेवटी तुरुंगातून पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. बर्णबानं त्या पोराचा हात सोडला असता तर? मंडळीत तुला असे मार्क भेटतील, एकदा चुकलेले. लोक त्यांची चूक तुला पहिल्याच आठवड्यात सांगतील. ऐक आणि विसरून जा.

कौतुक करशील तर नेमकं कर. "तुम्ही फार छान आहात" यानं कोणाचं पोट भरत नाही. "गेल्या रविवारी तुम्ही त्या म्हाताऱ्या काकांना पायऱ्या उतरवून दिल्या, मी पाहिलं" असं सांग. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांच्या चित्रावरचं वचन सकाळी सगळ्यांना पाठवण्यापेक्षा एकाच माणसाला दोन ओळी स्वतःच्या हातानं लिही. तुझ्या आजोबांना आलेली अशी सात-आठ पोस्टकार्डं त्यांच्या बायबलमध्ये ठेवलेली सापडली, काही चाळीस वर्षांपूर्वीची. माणूस अशी कार्डं ठेवतो.

आणखी एक, आणि हे अगदी कानात. तुझ्याकडे लोक मन मोकळं करतील. महिला मंडळाच्या प्रार्थनेत "प्रभू, आमच्या अमुक भगिनीच्या घरात जी भांडणं चालली आहेत" असं म्हणू नकोस. प्रार्थनेच्या नावाखाली घरं उघडी पडताना मी पाहिली आहेत, आणि एक संसार त्यानं मोडता मोडता वाचला. ऐकलेलं देवाला एकटीनं सांग.

स्वतःकडेही बघ. आठवड्यातली एक दुपार दार लावून घे. येशूही गर्दी सोडून डोंगरावर जायचा. तुझा नवरा सगळ्या गावाचा पाळक असेल, तुझ्या मुलांचा बाप आधी आहे, याची त्याला तूच आठवण करून द्यायची आहे. तुझ्या बापाच्या शाळेच्या एकाही बक्षीस समारंभाला तुझे आजोबा गेले नाहीत. शेवटच्या दुखण्यात ते त्याबद्दल रडले.

पत्राबरोबर घरातलं जुनं 'उपासना संगीत' पाठवते आहे. पुठ्ठा सुटलेला होता, मी खळ लावून चिकटवला आहे. ते कपाटात ठेवू नकोस, रविवारी बरोबर ने आणि ज्याच्या हातात पुस्तक नसेल त्याला दे. पहिल्या रविवारी उपासना झाली की घरी पोचायच्या आधी मला फोन कर. देऊळ केवढं आहे, भिंतींना रंग कोणता आहे हे नंतर सांग. शेवटच्या बाकावर कोण बसलं होतं, ते आधी सांग.

तुझी आजी